बायजाने देवाला कबूल केलेला कोंबडा

मी दिवा गावच्या बायजाचा तांबडा कोंबडा बोलतोय. हो, आरवत नाही, चक्क बोलतोय. रोज पहाटे साऱ्या पाड्याला जागं करायचं आणि स्वतःबद्दल मात्र अवाक्षर काढायचं नाही, असं किती दिवस चालणार? आणि माझी गोष्ट काही साधीसुधी नाही बरं का. सुरीच्या वाटेवरून परत आलेले कोंबडे तुम्ही फारसे पाहिले नसतील.

माझ्या आईला मुंगसाने नेलं तेव्हा मी पिसांचा एवढासा गोळा होतो. बायजाने मला पदरात घेऊन वाढवलं. ती आगरी, खाडीकाठच्या मिठागरावर राबणारी. नवरा कधीच गेलेला. मुलगा नाथा, तोही मिठागरावरच कामाला. ठाण्याला आगगाडी सुरू होऊन तेव्हा पंचवीसएक वर्षं झाली असतील. मायलेकांनी नुकताच बाप्तिस्मा घेतला होता आणि रविवारी होडीने खाडी ओलांडून ती दोघं ठाण्याला प्रार्थनेला जात. बाकी बायजा होती तशीच होती. दुपारी भाकरी मोडली की पहिला तुकडा माझा, यावरून नाथा कुरकुरायचा. मी आपला तुकडा मुकाट्याने खाऊन टाकायचो.

मग एका उन्हाळ्यात, मिठाच्या राशी ओढायच्या ऐन दिवसांत, नाथाला ताप चढला तो उतरेचना. पोरगा बरळायला लागला. तेव्हा बायजाने काय करावं? नव्या देवाला जुन्या रीतीने नवस बोलली! पदर पसरून म्हणाली, येशूबापा, माझ्या नाथाला उठव, तुला माझा तांबडा कोंबडा देईन. मी तिथेच दाणे टिपत होतो. दाणा घशात अडकला म्हणा ना. दारात दुसरी कोंबडी नव्हती असं नाही. पण द्यायचं तर जिवापाड जपलेलं द्यायचं, अशी ही बाई.

ताप उतरला. नाथा पेज मागू लागला. सगळा पाडा आनंदला, मीही आनंदलो, खोटं कशाला बोलू? मान तेवढी जरा आखडल्यासारखी वाटत होती.

बायजाचा मात्र मला न्यायला पाय उचलेना. या रविवारी नको, पुढच्या रविवारी नेऊ, असं चाललं होतं. आणि इकडे नाथाला साधी शिंक आली तरी ती धावत जाऊन त्याच्या कपाळाला हात लावून बघायची. देव रागावला, कबूल केलेलं मिळालं नाही म्हणून आता पोरगा परत घेणार, हे तिच्या मनाने घेतलं होतं. तिच्या तोंडावरचं हसू पार मावळलं. शेवटी एका रविवारी तिने माझे पाय बांधले आणि होडीत बसली. नाथा वल्हवत होता. वाटभर ती मला दाणे भरवत होती आणि डोळे पुसत होती.

तळ्याजवळच्या एका घराची पडवी, तेच त्यांचं प्रार्थनेचं ठिकाण. त्या दिवशी प्रभुभोजन होतं, म्हणजे येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण. मेजावर भाकर आणि द्राक्षारसाचा प्याला मांडलेला. बायजाने सरळ त्या मेजापाशी मला नेऊन ठेवलं. उपदेश करणारे गोपीनाथ मास्तर गाता गाता थांबले. झाडलोट करणारा महिपत लगबगीने पुढे आला, माझी छाती चाचपली आणि म्हणाला की बाईचं मन मोडू नये, कांदाखोबऱ्याचं तो बघेल, सगळ्यांना घास घास मिळेल. धर्माची एवढी कळकळ मी कुणाच्या डोळ्यांत पाहिली नाही.

मास्तरांनी त्याला मागे सारलं. देवाला आता कुठलाच बळी नको, येशूचा बळी एकदाच आणि सर्वांसाठी दिला गेलाय, असं त्यांनी बायजाला समजावलं. बायजा जागची हलेना.

"मी सबूद दिलाय, मास्तर. सबूद मोरला त देव माजे नाथ्याला परत नेल."

कुणीच हसलं नाही. मास्तर तिच्याजवळ खाली जमिनीवर बसले. म्हणाले, फार पूर्वी दोघांनी करार केला की जनावर कापून त्याचे दोन भाग समोरासमोर ठेवायचे आणि मधून चालायचं. जो करार मोडेल त्याची गत या जनावरासारखी होवो, असा त्याचा अर्थ. पण देवाने अब्राहाम नावाच्या आपल्या भक्ताशी करार केला तेव्हा अब्राहामाला गाढ झोप लागली होती. त्या तुकड्यांमधून देव एकटाच गेला.

बायजाने विचारलं, मग माणसाने शब्द मोडला तर? मास्तर म्हणाले, मोडलाच की माणसांनी. आणि भोगलं त्याने, कारण मधून तो एकटाच चालला होता; स्वतःचा पुत्र त्याने वधस्तंभावर दिला. ही भाकर आणि हा प्याला त्याच कराराची खूण आहे. मग तिच्या सुजलेल्या डोळ्यांकडे बघत ते हळूच बोलले, "बायजाबाई, एक कोंबडा देताना तुमची ही दशा झाली. पोटचा पोरगा देताना त्याला काय झालं असेल?"

बायजाचा हात माझ्या पाठीवर होता. तिने माझ्याकडे बघितलं, मग मेजावरच्या भाकरीकडे.

"म्हंजे तो पन ररला आसंल," ती म्हणाली.

रडली ती मग, पण हे रडणं निराळं होतं. जरा वेळाने नाक पुसून तिने विचारलं, या कोंबड्याचं काय करायचं? मास्तर म्हणाले, दिलात, त्याला पोचला, आता घरी न्या. देवाला दिलेलं माघारी कसं घ्यायचं, यावर ती अडून बसली. मास्तरांनी नुसतं नाथाकडे बोट केलं. हा तरी कुणी माघारी दिला?

बायजा नाथाकडे बघतच राहिली. आणि मग तापाच्या दिवसांपासून कोंडलेलं तिचं हसू जे फुटलं ते आवरेना. सगळी पडवी हसली. महिपतही हसला, थोडा उशिराने. तिने माझे पाय सोडले, तसा मी मेजापाशी उभा राहून असा काही आरवलो की मास्तरांनी माझं होईपर्यंत पुढचं गाणं थांबवलं.

आता मी म्हातारा झालोय. तुरा एका अंगाला कलंडलाय, मांस असं चिवट की महिपतनेसुद्धा माझा नाद सोडलाय. जाता जाता एवढंच सांगतो, बाबांनो, देवाला काही द्याल ते भिऊन देऊ नका, हसत द्या. बायजा बघा कशी झालीय. मिठाच्या राशीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत असते, "मी त्याला कोंबरा द्याला गेलते, आन त्यानं माजे दोनी पोरगे घरा पाठवले."