बाटलीत न दिसलेलं दुखणं

म्युनिकच्या विद्यापीठात तरुणपण जाळून डॉक्टर लिंडपॉइंटनर शिकले, आणि आगगाडीसुद्धा अजून न पोचलेल्या आल्टेनरीड नावाच्या खेड्यात येऊन लघवीच्या बाटल्या उजेडाला धरत बसले. आधी त्यांनी ताठपणा केला होता. रोग्याला समोर आणा, म्हणाले. गाव फिरकलं नाही. इथली रीत सरळ होती: घरातल्या कुणीतरी बाटली न्यायची, तोंड उघडायचं नाही, डॉक्टरनं बघून रोग सांगायचा. विचारतो तो अडाणी. मेलेली जनावरं सोलणारा हीसही बाटल्या बघायचा, पण कधी विचारत नसे, म्हणून त्याच्या दारात गर्दी.

मग डॉक्टरांची स्वयंपाकीण क्रेसेन्झ बाहेरच्या बाकावर भाजी निवडत बसू लागली. गप्पांत सगळं काढून घ्यायची, मागच्या दारानं आत पोचवायची. शास्त्रानं दिलं नाही ते नाव भाजीनं दिलं.

त्या सकाळी कोर्बिनियान शेतकरी बाटली घेऊन आला. क्रेसेन्झ आत येऊन पुटपुटली, "बायकोची आहे. दुधाचा हंडा उचलताना जांघेत गाठ आली. कालपासून ओकतेय."

डॉक्टरांनी लगेच ओळखलं. अंतर्गळात आतडं अडकलेलं. हातानं आत सारलं तर बाई जगेल, नाहीतर गेली. बाटलीत दिसलं म्हणावं, तर कोर्बिनियान औषधाची पुडी घेऊन चालू पडेल. 'पित्त झालंय' म्हटलं की त्यांचं भागत होतं. मेली तर देवाची इच्छा, आणि देवाला या गावात कुणी जाब विचारत नाही.

"मला तिला बघावं लागेल," ते म्हणाले.

"म्हणजे यात दिसत नाही?"

"नाही दिसत."

"हीसला दिसतं."

"मग जा हीसकडे, आणि जाताजाता सुताराला शवपेटीचं सांगून जा. नाहीतर मला गाडीत घे."

कोर्बिनियाननं तोंड वाकडं करून गाडीत घेतलं. डॉक्टरांनी त्याच्या बायकोला, वालबुर्गाला, आडवं केलं आणि घामाघूम होत, दाबत दाबत गाठ आत सारली. संध्याकाळी ती उठून बसली आणि सूप प्यायली.

रविवारी चर्चबाहेर कोर्बिनियान चारचौघांना सांगत होता, "माणूस चांगला आहे हो. पण बाटलीतल्या पाण्यातलं त्याला ओ की ठो कळत नाही. स्वतःच कबूल केलं. शेवटी बाईला हात लावून बघावं लागलं." शेजारी वालबुर्गा ठणठणीत उभी राहून मान डोलवत होती.

त्या आठवड्यात बाटली घेऊन क्रेसेन्झच्या बाकावर कुणी बसलं नाही.

"मी तिला जगवलं," डॉक्टर म्हणाले.

"जगवायची एवढी हौस होती," क्रेसेन्झ म्हणाली, "तर म्युनिकलाच राहायचं होतं, साहेब."