तारेचा नियम

ताईंनी तारेची दोन्ही टोकं बोटांना गुंडाळली, तार भांड्याच्या काठावर टेकवली आणि एका दमात खाली ओढली. भिंगरीचं नववं भांडं कलिंगडासारखं दोन फाकांत उघडलं.

"वाच," ताई म्हणाल्या.

भिंगरीने वाचलं. काठ कागदासारखा पातळ, तळ विटेसारखा जाड आणि एक बाजू दुसरीच्या दुप्पट.

"घर बांधायला चालेल," शेजारच्या चाकावरून पोस्टमास्तर म्हणाले. निवृत्त होऊन त्यांना सहा वर्षं झाली होती. ताईंच्या कुंभारकामाच्या वर्गात सगळ्यांत मोठे ते, पण तेही ताईंना ताईच म्हणत.

नियम ताईंचा होता आणि तो सगळ्यांना सारखा होता. शिकणाऱ्याचं प्रत्येक भांडं उभं कापायचं, म्हणजे बाहेरून गोंडस दिसणाऱ्या गोष्टीने आत काय दडवलंय ते कळतं. ज्या दिवशी ताईंचा अंगठा आणि बोट ओल्या भिंतीवरून कुठेही न अडखळता फिरतील, त्या दिवशी तार खुंटीवर राहील आणि भांडं खिडकीखालच्या फळीवर वाळायला जाईल. तिथून भट्टीत. तोवर रडायचं नाही, कापलेली माती गोळा करायची आणि पुन्हा मळायची. पोस्टमास्तरांची दोन भांडी फळीवर केव्हाच जाऊन बसली होती, आणि वर्गात आल्या आल्या ते आधी त्यांची विचारपूस करत.

भिंगरीचं एकही नव्हतं. पुढच्या रविवारी फळी भरणार होती. मग यंदाची शेवटची भट्टी, आणि त्यानंतर दहावी. दहावीच्या वर्षात मातीत हात घालायचे नाहीत, असं आईने आधीच बजावून ठेवलं होतं. बाबा तेवढे म्हणाले होते की काहीतरी घरी आण, निदान पेन्सिली ठेवायला. मग आईकडे बघून त्यांनी पेपर उघडला होता.

पायाला भिंगरी लावल्यासारखी फिरते म्हणून तिला भिंगरी म्हणत, पण तिचा खरा घोळ हातांचा होता. ती डावखुरी. शाळेत बाकावर तिचं कोपर शेजारणीच्या कोपरावर आदळायचं. कात्री तिच्या हातात कागद कापण्याऐवजी चघळत बसायची. इथे ती ताईंचे हात बघून बघून तसेच ठेवायला शिकली होती. पण जरा लक्ष हललं की हात आपापल्या जागा बदलून मोकळे होत, आणि चाक मातीचा गोळा तिच्या तळव्यांतून हिसकावून घेई. आपल्याला मातीच वश नाही, एवढंच तिला त्यातून कळलं होतं.

नववं भांडं कापलं त्या रविवारी सफाईची पाळीही तिचीच निघाली. राग आला की भिंगरी रडत नसे, घासत असे. तिने चाकाची थाळी घासली, पायाखालचं पेडल घासलं, वाकून मोटरची पेटी घासली. पेटीवर चिखलाने कडक झालेली एक चिकटपट्टी होती, ती नखाने खरवडून काढली आणि खालचं बटण फडक्याने खसाखसा पुसलं. चाक नव्यासारखं लखलखलं. तिला जरा बरं वाटलं.

पुढच्या रविवारी तिने गोळा थाळीवर आपटला, हात भिजवले आणि पेडल दाबलं. हात नेहमीप्रमाणे आपापल्या जागी पळाले. ते ताळ्यावर आणायला ती मनात एक-दोन-तीन म्हणणार, तोच तिच्या लक्षात आलं की गोळा डुलत नाहीये. चाक गरगर फिरतंय आणि माती मात्र स्वस्थ बसलीय. तिने अंगठा हळूच आत दाबला. माती उघडली. बोटांच्या चिमटीतून भिंत वर येऊ लागली, बोलावल्यासारखी, एकसारखी.

"दहा मिनिटं झाली, पोरगी बोललेली नाही," पोस्टमास्तर म्हणाले. "ताप-बिप नाही ना?" आणि तिच्याकडे वळून बघताच त्यांचा स्वर बदलला. "ताई, हिचं चाक उलटं फिरतंय."

सगळी चाकं थांबली. ताई आल्या, वाकल्या, उघड्या बटणाकडे बघत राहिल्या. दिशा बदलायचं बटण होतं ते, पुसताना सरकलेलं. चुकून हात लागू नये म्हणून त्यांनीच कधीकाळी त्याच्यावर पट्टी लावली होती. पट्टीचं काय झालं ते भिंगरीने खालमानेने सांगितलं. हे भांडं धरायचं की नाही, असं पोस्टमास्तरांनी विचारलं. टपालखात्यात उलटा शिक्का चालत नसे.

ताईंनी भांड्यात हात घातला. अंगठा आत, बोट बाहेर, भिंतीवरून एक फेरी. मग डोळे मिटून आणखी एक.

"फळीवर ठेव."

भिंगरीने भांडं दोन्ही हातांनी नेऊन पोस्टमास्तरांच्या भांड्यांशेजारी ठेवलं आणि जागच्या जागी एक गिरकी घेतली. भिंतीवर चिखलाचे पाच थेंब उडाले.

ताई अजून चाकापाशीच होत्या.

"नऊ रविवार मी तुला माझे हात शिकवत होते," त्या म्हणाल्या. मग स्टूल पुढे ओढून बसल्या आणि चाक तसंच उलटं सोडलं.

बावीस वर्षं एकाच दिशेला सरावलेले हात. गोळा डुलला, लडबडला आणि त्याची एक चिळकांडी थेट पोस्टमास्तरांच्या चष्म्यावर गेली. ताई आधी गोंधळल्या, मग खो-खो हसत सुटल्या. दर वेळी असंच व्हायचं का, असं त्यांनी हसता हसता विचारलं. दर वेळी, भिंगरी म्हणाली, आणि त्यांचं कोपर धरून तिने त्यांच्या पोटाशी टेकवलं, डावा हात पुढे सरकवला, घाई करू नका म्हणून सांगितलं. शेवटी वाडग्यासारखं काहीतरी उभं राहिलं. एका बाजूला कललेलं, पण उभं. ताईंनी ते मान वाकडी करून कौतुकाने न्याहाळलं आणि फळीवर जागा आहे का ते बघू लागल्या.

खुंटीवरची तार तोवर भिंगरीच्या हातात आली होती.

"नियम आहे, ताई."

तिने टोकं बोटांना गुंडाळली आणि एका दमात तार ओढली.

"वाचा."

पोस्टमास्तर चष्मा पुसायचे थांबले. ताई दोन्ही फाकांवर वाकल्या.

"तळ विटेसारखा," त्या हळूच म्हणाल्या. "आणि ही बाजू हिच्या दुप्पट."

त्यांनी माती गोळा केली, मळली, थाळीवर आपटली आणि ओले हात हवेत धरून भिंगरीकडे पाहिलं.

"सांग आता, कुठे ठेवू?"