दादाची थुंकी

"थुंकायचंच आहे ना? दे इकडे." दादानं नर्सच्या हातातली प्लास्टिकची नळी घेतली, थुंकला आणि कॉलर नीट करत खोलीत शिरला. दार लागलं.

धाकटी बाहेरच्या बाकावर बसली. आत काय होतं ते भावाला सांगायचं नाही, असं नर्सनं बजावलं होतं. तिला तरी कुठे सांगायचं होतं?

मागच्या महिन्यात तीच या खोलीत उभी होती. समोर दोन डॉक्टर, चेहरे दगडाचे. स्वतःबद्दल बोला म्हणाले. मग हजारातून सतरा-सतरा वजा करत या म्हणाले, चुकलं की पहिल्यापासून. कुणाचीही बोबडी वळावी. तिला काहीच झालं नाही. नंतर नर्स म्हणाली, "ताण आला की अंगात एक हार्मोन चढतं, थुंकीत दिसतं. तुमचं चढलंच नाही. डिप्रेशनमध्ये काहींचं होतं असं. तुलनेला घरातलं कुणी धडधाकट आणाल?"

तिनं लगेच दादाला पुढे केलं.

दादाच्या दुकानात ती गाड्यांची सीट कव्हरं शिवायची. तो गिऱ्हाइकांसमोर म्हणायचा, "आमच्या महाराणी. उठल्या तर उपकार. आजार कसला, नुसती नाटकं." परवा तर तिच्या मशीनवर दुसरीलाच बसवलं. रोज सकाळी त्या मशीनपर्यंत पोचायला तिला किती जोर लागायचा, हे त्याच्या बापालाही कळलं नसतं. आणि बाप दोघांचा एकच होता.

आतून आवाज आला. "मी... म्हणजे माझं दुकान... आमचं..." मग आकडे. "नऊशे त्र्याऐंशी. नऊशे सहासष्ट. नऊशे... पन्नास?"

"चूक. पहिल्यापासून."

"अजून एकदा," बाहेर ती पुटपुटली.

दादा आला तेव्हा शर्ट पाठीला चिकटला होता. पुन्हा नळीत थुंकायचं, तर तोंडाला ओल नाही.

"सांगितलं का नाहीस गं?"

"काय सांगू? नाटकंच तर होती. उद्या मशीनवर मी बसणार."

त्यानं मान हलवली की नुसता घाम पुसला, कळलं नाही.

तिची छाती धडधडत होती. तळहात ओले. किती महिन्यांनी.

"एक नळी मला पण द्या," ती नर्सला म्हणाली.

"आज तुमची टेस्ट नाही, ताई. दिली तरी तपासणार कुणी नाही."

"नका तपासू. द्या."

नर्सनं दिली. तिनं नळी तोंडाशी धरली आणि दादाच्या डोळ्यांत बघत, सावकाश, काठोकाठ भरली.