बाईंच्या दारचा रॅम्प

गावच्या सेवाभावी बंधुमंडळात अकरा जण होते आणि त्यातल्या दहा जणांच्या नावावर काही ना काही चांगलं काम होतं. अध्यक्ष बेकरीवाले. त्यांनी बसथांब्यावर बाक बसवून दिले होते. सलूनवाला आजारी माणसांच्या घरी जाऊन फुकट केस कापायचा. उरला टेलर. त्याच्या नावावर दवाखान्याचे पडदे होते. ते त्याने स्वतः मोजले, स्वतः शिवले आणि ते हातभर आखूड भरले. पडद्याखालून डॉक्टरांचे बूट दिसत. पेशंट बुटांवरून डॉक्टर ओळखायला लागले होते.

हा डाग कसा धुऊन काढावा, या विचारात टेलर वर्षभर होता. मग त्याला कळलं, की शाळेतल्या भूमितीच्या बाई आता व्हीलचेअरवर असतात आणि दारातल्या तीन पायऱ्यांमुळे चार महिने घराबाहेर पडलेल्या नाहीत. पुढच्याच बैठकीत तो उठून उभा राहिला. खांद्यावरचा मंडळाचा हिरवा पट्टा नीट केला, घसा खाकरला.

"बंधूंनो, आपण बाईंना रॅम्प बांधून देऊ."

टाळ्या पडल्या. अकरापैकी सात जण बाईंच्या हाताखालून गेले होते आणि सातही जण भूमितीत काठावर पास झाले होते.

घरी बायकोने एकच प्रश्न विचारला, "अहो, पण बाईंना विचारलंत का?"

"अगं, त्यांना सरप्राईज द्यायचंय."

"माझ्या वाढदिवसाला दिलं होतंत तसं?"

टेलरने विषय बदलला. त्या सरप्राईजमध्ये बायकोच्या जुन्या कोटाची हातमोज्यांची जोडी झाली होती.

त्याने जाऊन पायऱ्या मोजल्या. प्रत्येकी सात इंच, एकूण एकवीस. पायरीपासून फाटक सात फुटांवर. म्हणजे सहा फुटांच्या फळ्या बरोब्बर बसतील, मध्ये फुटभर जागाही राहील. कापड वाया न घालवणाऱ्या माणसाचा हिशेब होता तो. बाई आतून खिडकीतून बघत होत्या. त्यांना त्याने सांगितलं, की नळाचं काहीतरी बघायला आलोय.

रविवारी सकाळी मंडळींनी ठोकाठोक सुरू केली आणि दुपारपर्यंत रॅम्प उभा राहिला. अध्यक्षांनी लाल फीत बांधली. एकाने कॅमेरा काढला. दार उघडलं आणि बाई व्हीलचेअरवरून उंबऱ्याशी आल्या. केस पांढरेशुभ्र, आवाज तोच.

"हे काय आहे?"

"रॅम्प, बाई," सगळे एका सुरात म्हणाले.

"उंची किती?"

"एकवीस इंच," टेलर म्हणाला.

"आणि लांबी?"

"सहा फूट."

"म्हणजे बहात्तर इंच. मग उतार किती झाला?"

अध्यक्ष आपल्या पट्ट्याकडे बघू लागले. पंचावन्न वर्षांच्या टेलरचे हात आपोआप पाठीमागे गेले.

"तू तिसऱ्या बाकावरचा ना?" बाई म्हणाल्या. "तेव्हाही असाच उभा राहायचास. बरं, यावरून आधी तू जाऊन दाखव."

नाही म्हणायची सोय नव्हती. बाई वॉकरला धरून दारातल्या स्टुलावर बसल्या आणि टेलर त्यांच्या खुर्चीत बसला. छायाचित्र चांगलं यावं म्हणून त्याने पोट आत घेतलं, चेहऱ्यावर हसू आणलं आणि ब्रेक सोडला.

पुढचं त्याला फार काळ तपशीलवार आठवत राहिलं. फीत त्याने नाकाने तोडली. फाटक उघडंच होतं. रस्ता त्याने आडवा पार केला, आणि समोरच्या दुकानाबाहेर रचलेल्या रिकाम्या खोक्यांनी त्याला पोटाशी धरलं. लागलं काहीच नाही. मोडलं ते बाईंच्या खुर्चीचं डावं चाक.

कॅमेरेवाल्या बंधूने हे सगळं टिपलं होतं. फोटो अप्रतिम आले.

दुरुस्तीवाल्याने चाकाला तीन आठवडे सांगितले. म्हणजे सकाळपर्यंत ज्या बाई घरात तरी हिंडत होत्या, त्यांना बंधुमंडळाच्या सेवेनंतर तेही जमेना. टेलर माफी मागायला गेला. रस्ताभर जुळवलेली वाक्यं दारातच विसरला.

"बाई, मी..."

"बस. शनिवारी मला वाचनालयात जायचंय. कसं नेणार, ते ठरवून ये."

मंडळात गहन चर्चा झाली. अख्ख्या मंडळाकडे हातांची भक्कम खुर्ची एकच होती, आणि ती अध्यक्षांची. उंच पाठीची, लाल मखमलीची, माथ्यावर लाकडात कोरलेले हस्तांदोलनाचे दोन हात. अध्यक्षांनी आधी तात्त्विक हरकत घेतली, मग भावनिक घेतली. शेवटी म्हणाले, "निदान मखमलीवर चादर तरी टाका."

शनिवारी चार बंधूंनी ती खुर्ची खांद्यावर घेतली आणि मांडीवर पुस्तकांची पिशवी घेऊन बाई रस्त्याने निघाल्या. खुर्चीचा पुढचा डावा पाय टेलरच्या खांद्यावर होता. लोक दुकानांतून बाहेर येऊन बघत होते. कोणी हसलं की टेलरला वाटे, खाली खड्डा असेल तर आत्ता उडी मारावी. पण खांदा सोडून चालणार नव्हतं.

"डावीकडून खुर्ची कललीय," वरून बाई म्हणाल्या. "कोणाची उंची कमी आहे?"

"माझी, बाई."

"मग घडी करून खांद्यावर काहीतरी ठेव. तू टेलर आहेस ना?"

परतीच्या वाटेवर, खांदे बदलायला थांबले असताना, त्याने जे आधीच विचारायला हवं होतं ते विचारलं. "बाई, रॅम्प कसा हवा होता?"

बाईंनी पिशवीतल्या वहीतून आलेखाचा कागद काढला. घडीवर तो पार जीर्ण झाला होता. "दवाखान्यातून आले त्याच आठवड्यात काढून ठेवलाय. एक इंच चढायला बारा इंच लांबी. एकवीस गुणिले बारा?"

टेलरने डोळे मिटले.

"दोनशे बावन्न. म्हणजे... एकवीस फूट."

"बरोबर," बाई म्हणाल्या. त्यांच्या तोंडून हा शब्द त्याने आयुष्यात पहिल्यांदा ऐकला होता.

"पण बाई, फाटक तर सात फुटांवर आहे!"

"भिंतीच्या कडेने अर्धा जायचा, वळायचं, अर्धा परत यायचा. कागदावर आहे सगळं. चार महिने वाट बघत होते, कोणी विचारतंय का. नळवाला आला, तोही काही न विचारता गेला."

टेलरचे कान लाल झाले.

तीन रविवार काम चाललं. बाई खिडकीत बसून प्रत्येक फळी पुन्हा मोजायला लावत. टेलरने कठड्याला जाड कापडाची गुंडाळी शिवून बसवली, हाताला लाकडाची कुसळं टोचू नयेत म्हणून. ती दोनदा उसवून तिसऱ्यांदा शिवली. या वेळी आखूड भरली नाही.

चाक दुरुस्त होऊन आलं त्या सकाळी सगळे पट्टे घालून रांगेत उभे राहिले. फीत बांधायचं धाडस कोणी केलं नाही. टेलर खुर्ची मागून धरायला गेला.

"हात काढ," बाई म्हणाल्या.

त्या हळूहळू उतरल्या, वळणावर थांबल्या, वळल्या, फाटकाबाहेर गेल्या आणि वाचनालयाच्या दिशेने निघाल्या. मागे वळून पाहिलं नाही की काही बोलल्या नाहीत. अकरा जण बघत राहिले. टेलरने मनातल्या मनात "तुम्ही कशाला आभार मानता" असं एक नम्र उत्तर तयार ठेवलं होतं. ते तसंच राहिलं.

"परत येतील तेव्हा थांबायचं का आपण?" अध्यक्षांनी विचारलं.

"कशाला?" टेलर म्हणाला. "त्या येतील की."

एकेक जण पट्टा गुंडाळून घरी गेला. टेलर मात्र गुडघ्यांवर बसला आणि वाटेत सांडलेले खिळे वेचू लागला. फाटकापर्यंत सतरा निघाले. मग तो उठला, पुन्हा बसला आणि एकदा उलट्या बाजूने बघत आला. आणखी दोन सापडले.