कुंभारणीचं दार

मास्तर खरा मास्तर नव्हता. शाळेत त्याने एक दिवसही शिकवलं नव्हतं. पण काहीही समजावून सांगायचं म्हटलं की त्याला हातात मार्कर आणि समोर पांढरा फळा लागायचा, म्हणून ऑफिसात त्याचं नाव मास्तर पडलं ते पडलंच. लेखिका आणि तो एकाच आठवड्यात तिथे रुजू झाले. चष्म्याच्या दुकानावरच्या तिसऱ्या मजल्यावर तेव्हा सहा माणसं होती आणि खुर्च्या पाच. जो शेवटी येईल त्याने खिडकीच्या कट्ट्यावर बसायचं. बहुतेक वेळा मास्तरच बसायचा.

दोघांनी मिळून दोन छोटे व्हिडिओ गेम केले. गोष्ट तिची, नियम त्याचे. ती आधी नभोनाट्यं लिहायची, त्यामुळे माणसांना बोलतं करणं तिच्या हातचा मळ होता. तो सगळ्याचा हिशेब मांडायचा: खेळणाऱ्याने हे केलं तर काय, ते केलं तर काय. भांडणं रोजची. पण भांडून झालं की तो तिला घरी जेवायला घेऊन जायचा, त्याची बायको तिला अगं-तुगं करायची, आणि त्याची लेक तिला आत्या म्हणायची.

तिसरा गेम मोठा होता. डोंगर-खोऱ्यांची एक अख्खी मोकळी दुनिया. खेळणाऱ्याने वाटेल तिकडे जावं, डोंगर चढावा, मासे धरावेत, कुठल्याही गावात शिरून कुणाशीही बोलावं. आणि तरी त्या सगळ्यातून एक मोठी गोष्ट चालत राहावी. गोष्ट अशी, की लुटारू नायकाच्या धाकट्या बहिणीला पळवून नेतात आणि तो तिच्या शोधात निघतो. लेखिकेने त्यावर दीड वर्ष घालवलं होतं.

पहिल्या चाचणीला बाहेरची दहा माणसं बोलावली. लेखिका त्यांच्या मागे उभी राहून बघत होती. बहिणीला ओढत नेतात तो प्रसंग झाला, पडदा काळा झाला, आणि पहिल्या खुर्चीवरचा माणूस जंगलात अळंबी वेचायला गेला. चार तास त्याने अळंबीच वेचली. शेजारची बाई एका रिकाम्या झोपडीत मडक्यांची उतरंड लावत बसली होती.

"बहीण तिकडे मरतेय आणि हा अळंबी वेचतोय," लेखिका म्हणाली.

मास्तरला हसू आलं. तिला आलं नाही.

मास्तरने तोवर दोन वर्षं खपून एक वेगळीच गोष्ट उभी केली होती. गेममधल्या प्रत्येक गावकऱ्याला आठवण होती. तुम्ही काय केलंत ते त्याने पाहिलं असेल तर तो लक्षात ठेवायचा, शेजाऱ्याला सांगायचा, आणि गावाचं तुमच्याबद्दलचं मत हळूहळू बदलत जायचं. कुणी दार लावून घ्यायचं, कुणी उघडायचं. यासाठी हजारो लहान लहान वाक्यं हवी होती, कुठल्याही वेळी, कुठल्याही तोंडी शोभतील अशी. ती लेखिकेने लिहावीत अशी मास्तरची इच्छा होती. ती म्हणाली, मी पाट्या रंगवायला आलेले नाही. मग त्याने ती स्वतःच लिहिली. "आज नको." "परत आलात?" "ठेवा तिथे." "बसा." एका मीटिंगमध्ये तिने ती यादी स्टेशनवर गाड्यांची घोषणा करतात तशा आवाजात वाचून दाखवली. सगळे पोट धरून हसले. मास्तरही हसला, जरा उशिराने.

खरी ठिणगी पुढे पडली. गावचा म्हातारा मुखिया नायकाच्या बहिणीसाठी रडतो असा एक प्रसंग होता, लेखिकेच्या मते गोष्टीतला सगळ्यात चांगला. पण चाचणीला आलेल्या एकाने आधी त्याच मुखियाचा घोडा चोरला होता. मुखियाला ते आठवलं. भाषण अर्ध्यावर टाकून, पाठ फिरवून तो घरात निघून गेला. मास्तर खूश झाला. तो म्हणाला, हीच खरी गोष्ट आहे, ही त्या खेळणाऱ्याने स्वतः घडवली. लेखिकेला वाटलं, कुणीतरी आपलं लिहिलेलं पान भर सभेत टराटरा फाडलं.

ती थेट मालकांकडे गेली. मालकांनी दोघांना समोरासमोर बसवलं. मास्तर फळ्यापाशी वीस मिनिटं बोलला. तो सांगत होता की गोष्टीची घाई आणि दुनियेचा निवांतपणा यांत भांडण आहे हे त्याला मान्य आहे, पण दोन्हीकडून थोडं थोडं सोडता येईल. रडण्याचा प्रसंग दोन-तीन तऱ्हांनी लिहिता येईल, घोडा चोरणाऱ्यासाठी वेगळा. लेखिका तीनच वाक्यं बोलली.

"प्रत्येक खोऱ्याच्या तोंडाशी दार लावा, गोष्टीचा तो भाग संपल्याशिवाय ते उघडू नका. गावकऱ्यांची आठवण काढून टाका. नाहीतर माझं नाव काढा."

गेमला पाठबळ मिळालं होतं ते तिच्या नावावर, आणि हे तिथे बसलेल्या तिघांनाही माहीत होतं. मालकांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं, मास्तरकडे बघणं टाळलं, आणि लेखिकेच्या बाजूने निकाल दिला.

बाहेर पॅसेजमध्ये मास्तर तिला म्हणाला, "मालकांकडे जायच्या आधी एकदा माझ्याकडे यायचंस."

वेळ नव्हता, असं ती म्हणाली. वेळ होता. मास्तरचं टेबल तिच्या टेबलापासून सात पावलांवर होतं.

तो तडकाफडकी गेला नाही. तीन महिने राहून त्याने आपलं काम आपल्याच हाताने काढून टाकलं, एकेक खोरं करून. कुठून काय काढलं, पुढे कुणाला अडचण आली तर काय करायचं, हे सगळं नीट लिहून ठेवलं. त्याच्या शेवटच्या दिवशी लेखिका रेकॉर्डिंगला गेली होती. रेकॉर्डिंग पुढे ढकलता आलं असतं. तिने ढकललं नाही.

गेम आला आणि गाजला. लेखनासाठी दोन बक्षिसं मिळाली. मात्र लोक गोष्ट संपवत, वाहवा करत आणि गेम बाजूला ठेवत. पुन्हा त्या दुनियेत कुणी फिरकत नसे. एका समीक्षकाने लिहिलं की गोष्ट सुंदर आहे, पण आपण तिच्या मागून बोट धरून चालतो. सगळ्यांना खूश करता येत नाही, असं लेखिका जो विचारेल त्याला सांगायची.

वर्षभराने तिला एक पत्र आलं. ऑफिसच्या पत्त्यावर, हाताने लिहिलेलं, चांगली आठ पानं. लिहिणारे गृहस्थ त्रेसष्ट वर्षांचे, जन्मभर लिफ्ट दुरुस्त करण्याचं काम केलेले. गुडघ्याचं ऑपरेशन झालं, घरी पडून राहावं लागलं, तेव्हा पुतणीने आपला जुना गेमचा डबा आणून टीव्हीला जोडून दिला. त्यांना धड बटणंही कळत नव्हती. पहिल्या खोऱ्याच्या दाराशी तीन लुटारूंशी लढाई आहे, ती त्यांना काही केल्या जिंकता येईना. चाळीस वेळा हरल्यावर त्यांनी नाद सोडला आणि पहिल्याच गावात राहिले. पाच महिने.

सुरुवातीला चुकीचं बटण दाबलं जाऊन त्यांनी तिथल्या कुंभारणीच्या गाढवाला काठी मारली होती. तेव्हापासून ते दिसले की कुंभारीण दार लावून घ्यायची. गेममध्येच काय ते, पण त्यांच्या मनाला लागलं. म्हणून ते रोज जंगलातून लाकडं आणून तिच्या अंगणात ठेवू लागले, भट्टीला होतील म्हणून. असं करा म्हणून कुणी सांगितलं नव्हतं, आणि त्यातून काही मिळतही नव्हतं. कित्येक दिवस दार बंदच. मग एकदा ती दाराआडून म्हणाली, "ठेवा तिथे." पुढे कधीतरी म्हणाली, "परत आलात?" आणि एका दुपारी ते लाकडं घेऊन गेले, तर दार उघडं होतं. ती चाकावरून उठली, त्यांच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "बसा."

"मुलाशी माझं तीन वर्षं बोलणं नाही," त्यांनी लिहिलं होतं. "चूक माझी, पण ते राहू द्या. मला कुणी बसा म्हटल्याला फार दिवस झाले होते. ज्यांनी हा एक शब्द लिहिला त्यांना मला नमस्कार सांगायचा आहे. तो तुम्हीच लिहिला असणार."

लेखिकेने प्रोग्रामरला विचारलं. पहिल्या खोऱ्यातली आठवण तेवढी काढता आली नव्हती, असं तो म्हणाला. खेळ शिकवणारा भाग त्या आठवणीत गुंतलेला होता, एक धागा ओढला तर सगळंच उसवलं असतं. मास्तरने तसं लिहूनही ठेवलं होतं. ते पान कुणी वाचलं नाही.

म्हणजे शब्द मास्तरचा होता आणि दारही मास्तरचं. तिला ते त्याच क्षणी कळलं; आपल्याला माहीत नव्हतं असं तिने पुढेही स्वतःला कधी भासवलं नाही. तरीही तिने उत्तर लिहिलं: "तुमच्या पत्राने डोळे भरून आले. तो प्रसंग लिहिताना मलाही असंच काहीसं वाटलं होतं." 'लिहिताना' या शब्दावर तिचा हात थांबला होता. मग तिने पाकीट बंद केलं.

एवढ्यावर राहिलं असतं तर कदाचित ते तिच्यापाशीच राहिलं असतं. पण दोन महिन्यांनी एका मोठ्या संमेलनात तिला बोलायचं होतं, विषय होता गेममधली गोष्ट आणि खेळ यांचा मेळ. हाताशी दुसरं इतकं चांगलं उदाहरण नव्हतं. तिने गृहस्थांचं पत्र वाचून दाखवलं. लिहिणाऱ्याला कुठे थांबायचं ते कळलं पाहिजे, असं म्हणाली. एका शब्दावर विश्वास टाकता आला पाहिजे, असंही म्हणाली. सभागृह उठून उभं राहिलं. त्या भाषणाचा तुकडा पुढे आठवडाभर लोकांच्या फोनवर फिरत होता.

मास्तरकडून काहीच आलं नाही. ना फोन, ना ओळीचा निरोप. त्याने भांडण काढलं असतं तर तिने वाद घातला असता. पण काहीच न आल्यामुळे तिला अन्न गोड लागेना. शेवटी तिने त्याच्या घरी फोन केला. त्याच्या बायकोने उचलला.

"वहिनी, मी संध्याकाळी येऊ का?"

"ऑफिसातच भेटा ना त्यांना," वहिनी म्हणाली. "पाचपर्यंत असतात." आवाजात राग नव्हता. पण आयुष्यात पहिल्यांदा ती लेखिकेला अहो-जाहो करत होती.

मास्तर आता शहराच्या बस डेपोत काम करायचा, गाड्यांची वेळापत्रकं बसवण्याचं. लांबच लांब खोली, भिंतभर मार्गांचे तक्ते, खिडकीखाली धुवायला उभ्या असलेल्या बसगाड्या. तो उभ्यानेच बोलला, हातात मार्कर होताच. तिने मनात दहा वेळा घोकलेलं वाक्य म्हटलं.

"त्या दिवशी मी चुकीचं बोलले."

"खोटं बोललीस," तो म्हणाला. "चुकीचं बोलणं वेगळं. चुकीचं तू आधी बोलली होतीस, मालकांसमोर. त्याचा मला राग नाही. माझंही चुकलं असतं तर?"

मग त्याने विचारलं, "ते पत्र आणलंयस?"

तिने आणलं नव्हतं. तिला सुचलंच नव्हतं. घरून निघताना तिने साडी दोनदा बदलली होती, वाक्यं जुळवली होती, पण ज्या पत्रातला एकेक शब्द खरं तर त्याच्या नावचा होता, ते टेबलाच्या खणात तसंच होतं.

"पाठव कधीतरी," तो म्हणाला. "मला बघायचंय, किती दिवस लाकडं टाकल्यावर दार उघडलं. मी वीस धरले होते. जास्त होतील असं वाटत होतं." एवढं बोलताना त्याचा चेहरा क्षणभर पूर्वीसारखा झाला. मग खालून कुणीतरी त्याला हाक मारली आणि तो गेला.

त्याच संध्याकाळी तिने पत्र त्याला पाठवलं. गृहस्थांनाही खरं काय ते लिहिलं, काही न लपवता. त्यांचं उत्तर चार ओळींचं आलं. गुडघा बरा आहे, आठवड्यातून दोन दिवस कामावर जातो, गेम पुतणीला परत दिला. खरं कळवल्याबद्दल आभार. ज्यांनी तो शब्द लिहिला त्यांना माझा नमस्कार पोचवा. मुलाबद्दल त्यात काही नव्हतं, आणि विचारण्याचा आपल्याला काही हक्क आहे असं तिला वाटलं नाही.

संमेलनवाल्यांना तिने खुलासा पाठवला. त्यांनी तो छापलाही, पण भाषण पाहिलेल्यांपैकी फारच थोड्यांनी तो वाचला. मालकांनी नव्या गेमसाठी मास्तरला बोलावणं धाडलं. त्याने नम्रपणे नाही म्हटलं. बसगाड्या बऱ्या, असं म्हणाला म्हणे. वेळेवर आल्या तर लोकांना कळतं, नाही आल्या तरी कळतं.

नव्या गेमच्या पहिल्या बैठकीला लेखिका तयारी करून गेली. यावेळी गोष्ट कमी, दारं नाहीत, गावकऱ्यांना आठवण. लहान वाक्यं तिने स्वतः लिहायला घेतली होती; सहाशे झाली होती आणि त्यातली जेमतेम चाळीस बरी होती. मास्तरच्या जागी आलेली डिझायनर हुशार होती, तिचं शिक्षण मास्तरपेक्षा जास्त होतं. लेखिकेने तिच्यासमोर एक प्रसंग मांडला, त्यात एक ढोबळ चूक होती, आणि बोलता बोलता ती चूक लेखिकेच्याच लक्षात आली. खेळणारा नदीच मुळी ओलांडणार नाही; मास्तरने तिसऱ्या वाक्याला हात वर केला असता.

ती थांबली आणि म्हणाली, "तुला यात काय खटकतं?"

डिझायनरने वहीत बघितलं. "काही नाही, ताई," ती म्हणाली. "तुम्ही लिहिलंय म्हणजे विचार करूनच लिहिलं असणार."

लेखिकेने पुन्हा विचारलं, जरा वेगळ्या शब्दांत. उत्तर तेच आलं, आणखी आदराने. मग ती उठली, मार्कर घेतला, आणि फळ्यावर स्वतःच नदी काढून, चूक कुठे आहे ते सगळ्यांना समजावून सांगू लागली. सगळ्यांनी निमूटपणे लिहून घेतलं.