पुतळीचं ध्यान

मी पुतळी बोलतेय. अंगानं पांढरी, कानाशी जराशी काळी, वय वर्षं चौदा. माणसांत या वयाला कुणी विचारत नाही. मांजरांत मात्र मी म्हातारी.

चादरीच्या कारखान्यात, सुताच्या पोत्यावर माझा जन्म झाला. तिथं कामाला असलेल्या चनबसप्पांनी मला डब्याच्या पिशवीतून घरी आणलं आणि बायकोच्या, शिवबाईंच्या ओटीत टाकलं. घर व्रतावैकल्याचं. मला दूधभात आणि कडक भाकरीचा चुरा. बाहेरच्या उंदरांचं मी घरात कधी बोलले नाही.

गेल्या श्रावणात माझं बिनसलं. लघवीला लागल्यासारखं वाटे, बसे, आणि जेमतेम थेंब. आग अशी की डोळे आपोआप मिटायचे. वाळूच्या घमेल्यात दुखतं म्हणून मला त्या घमेल्याचाच राग आला. गार फरशीवर जरा बरं वाटे, आणि घरातली सगळ्यात गार फरशी देवघरात. दिवसातून वीस वेळा मी तिथं जाऊन पाठ वाकवून, डोळे मिटून बसू लागले.

शिवबाईंनी पाहिलं आणि हातच जोडले. "अय्यो, पुतळी ध्यानाला बसली की!"

शेजारच्या महेश्वरीकाकू धावत आल्या. मी कळवळून ओरडले. त्या म्हणाल्या, "बघा, देवाचं नाव घेतंय!"

मग गल्ली लोटली. कुणी माझ्या डोक्यावर बेलाचं पान ठेवलं, कुणी मुलीचं लग्न कधी जमेल म्हणून विचारलं. माझी लघवी कधी होईल, हे मात्र कुणीच विचारलं नाही.

चौथ्या दिवशी फरशीवर गुलाबी थेंब पडले. "कुंकू उमटलं!" महेश्वरीकाकू ओरडल्या. बायका दर्शनाला वाकल्या.

सून सिद्धेश्वरी फडकं घेऊन आली. तिनं थेंब पुसले, फडक्याचा वास घेतला आणि सासूकडे वळली.

"अत्ती, हे कुंकू न्हाय. रक्त हाय. हिला लघवी होईना झालीय."

शिवबाईंनी मला उचलून पदरात घेतलं. "मग लेकरू रडत होतं व्हय? आणि मी हात जोडून बघत बसले?"

तासाभरात मी जनावरांचे डॉक्टर विरेश यांच्या टेबलावर होते. त्यांनी पोट चाचपलं, सुईनं लघवी काढून तपासणीला पाठवली. "उतारवयात मांजरांच्या किडन्या थकतात, लघवी पातळ होते, मग जंतूंना फावतं. आणखी उशीर झाला असता तर दुखणं किडनीत गेलं असतं. मग हातात काही राहत नाही." कोणतं औषध लागू पडेल ते अहवालावरून कळलं, तेव्हा त्यांनी बजावलं, "चौदा दिवस. बरी दिसली म्हणून मधेच सोडायचं नाही. लोक तिथंच चुकतात."

शिवबाई ताठ झाल्या. "डॉक्टर, सोळा सोमवार मी तीनदा केलेत. एक मोडला न्हाय."

डॉक्टर हसले नाहीत. "मग ही वाचली," म्हणाले.

पाणी तीन ठिकाणी ठेवायचं होतं, आणि खाणं ओलं, माशाचं! शिवबाईंनी नाकाला पदर लावला. "पाकिटावर काय लिवलंय ते मोठ्यानं वाचू नगं," सुनेला म्हणाल्या, आणि गच्चीत बसून मला स्वतःच्या हातानं भरवलं. नंतर आंघोळ केली. रोज.

पाचव्या दिवशी मी कपाटावर उडी मारली. महेश्वरीकाकू म्हणाल्या, "आता कशाला औषध? बरी झाली की!"

"उद्यापन झाल्याबिगर व्रत सुटतंय व्हय?" शिवबाईंनी माझा जबडा उघडला.

पुढची तपासणी स्वच्छ आली. किडन्या म्हाताऱ्या आहेत, दर काही महिन्यांनी दाखवायला जावं लागणार. दर्शनाला आता कुणी येत नाही. माझी भक्ती कमी झाली, असं महेश्वरीकाकू गल्लीत सांगतात. सांगू देत.

तुमच्या घरी कुणी म्हातारं मांजर सारखं सारखं बसत असेल, नको तिथं थेंब टाकत असेल, तर त्याला मारू नका आणि पुजूही नका. डॉक्टरांकडे न्या.

आज सकाळी मी घमेल्यात शांतपणे बसले. शिवबाई रुद्राक्षाची माळ हातात धरून, वाकून बघत होत्या.

"झाली?" त्यांनी विचारलं.

झाली होती.