कापडाची कात्री

संकटापुढे माणसाने डोंगरासारखे अचल राहावे, असे माझे ठाम मत आहे. दवाखान्याच्या बाकावर बसून हे मी बायकोला समजावत होतो, तेव्हा तिने माझ्या पायांकडे बोट दाखवले. एका पायात माझी चप्पल होती, दुसऱ्यात तिची घरातली.

आज तपासणीचा निकाल कळायचा होता.

बायको शिलाईकाम करते. पाळी बंद होऊन बरीच वर्षे झाली होती, आणि अचानक पुन्हा रक्त जाऊ लागले. "उष्णता असेल," असे स्वतःलाच सांगत तिने ते लपवले. शेवटी लेकीला कळले. तिने आम्हा दोघांना एकाच दमात झापले. आईला लपवल्याबद्दल, मला घरात राहून काहीच न कळल्याबद्दल.

सोनोग्राफीत गर्भाशयात एक कोंब दिसला. "याला पॉलिप म्हणतात," डॉक्टरबाई म्हणाल्या. "बहुतेक वेळा साधाच असतो. पण पाळी गेल्यावर रक्त आलं, की काढून तपासायचाच."

त्या 'बहुतेक'ने आमची झोप उडवली. त्या रोगाचे नाव घरात कोणी घेईना. "तसलं काही नसेल गं," असा धीर द्यायला माझी थोरली बहीण आली आणि स्वतःच हुंदके देऊ लागली. तिला पाणी देऊन बायकोने आपली कापडाची कात्री तिच्या हातात ठेवली.

"वन्सं, तुमच्याकडेच असू द्या. आठवण म्हणून."

या कात्रीने मी एकदा दुधाची पिशवी कापली होती. त्यानंतर बायको कितीतरी दिवस माझ्याशी भिंतीमार्फत बोलत होती. ती कात्री अशी सहज दिलेली पाहून मी हादरलो. तोवर मी समजत होतो, ही घाबरलेली नाही.

ऑपरेशनच्या दिवशी मात्र तिच्यातली शिंपीण जागी झाली.

"टाके किती घालणार?"

"एकही नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "खालूनच बारीक दुर्बीण आत घालायची, बघत बघत कोंब मुळापासून काढायचा. संध्याकाळी घरी."

"टाक्याशिवाय? मग उसवलं तर?"

"अहो, पोट कापायचंच नाही, तर उसवेल काय?"

बायकोला हे काम काही पटले नाही, पण संध्याकाळी ती खरोखरच घरी आली.

आणि आज बाकावर आम्ही दोघे, तीन तऱ्हेच्या चपला घालून. नाव पुकारले गेले. आत जाताना तिने माझी बाही घट्ट धरली होती.

"साधाच होता. कॅन्सर नाही," डॉक्टरबाईंनी सरळच सांगितले. "रक्त थांबलंय ना?"

"थांबलंय."

"पुन्हा दिसलं तर उष्णता नाही म्हणायचं. तडक इथे यायचं."

बाहेर आल्यावर डोंगर ढसाढसा रडला. बायकोने पदराने आधी माझे डोळे पुसले, मग स्वतःचे. मी घसा साफ केला.

"आयुष्य म्हणजे..."

"अहो, भाषण घरी गेल्यावर. आधी वन्संना फोन लावा."

"लावतो, लावतो! केवढी आनंदाची बातमी..."

"ती सांगा. आणि म्हणावं, कात्री आजच आणून द्या. कागद कापला असेल, तर येताना धार लावून."